लहानीचा डोळा

आमच्या घरच्या महालक्ष्मीचा डोळा मी सरळ केला. देवीचा डोळा सरळ करायला निघालेल्या बाईचं स्वतःचं डोकं किती सरळ असेल, ते तुम्हीच ठरवा. पोरवय होतं म्हणून सोडून द्यावं, अशीही सोय नाही. पन्नाशी उलटलेली होती, दोन पोरांची लग्नं झालेली होती, आणि अंगात कलाकार शिरला होता.

माझी नात चिखलीला चित्रकलेच्या क्लासला जाते. वर्षभरात स्वतःत कोणती सुधारणा करणार ते ठरवून या, असं तिच्या सरांनी सांगितलं. ती मला विचारत बसली, "आजी, तू शिकत होतीस तेव्हा काय ठरवलं होतंस?" मी म्हटलं, आधी त्या चित्रातल्या माणसाला मान दे, मग बोलू. पोरगी हसली आणि विसरली. मी विसरले नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं घर अमडापूरला. शेतात वांगी, मेथी, कोथिंबीर, जे ज्या दिवसांत येईल ते. रांगोळीत माझा हात बरा होता. लग्नकार्यात कुणाच्याही दारात मला बोलावून न्यायचे. पोरं नोकरीला लागली, घर मोकळं झालं, आणि मोठ्याने मला त्याचा जुना मोबाइल देऊन टाकला. त्यात मला एक चित्रकलेचा मास्तर सापडला. एका कानात बाळी घातलेला, बोलायला गोड. तो म्हणायचा, रोज नुसतं काढत बसू नका, आपली एकेक कमजोरी पकडा, तिला नाव द्या, ती संपवा, मगच पुढे जा. मला ते इतकं पटलं की मी त्याच दिवशी कागदावर माझ्या कमजोऱ्या लिहिल्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज कपाट उघडलं की आधी ध्येय वाचायचे, मग लुगडं काढायचे. चित्रकारीण बाई!

त्या कागदावर काय होतं ते सांगते, हसा. कान करंज्यांसारखे दिसू नयेत. बोटं मोजून काढावीत. कारण आमच्या ह्यांच्या एका हाताला मी सहा काढली होती. आणि सगळ्यांत खाली, लाल स्केचपेनने, दोनदा अधोरेखित: दोन्ही डोळे एका रेषेत, एका मापाचे.

या डोळ्यांनी मला खाल्लं. मी काढलेला प्रत्येक माणूस एक डोळा झोपलेला आणि एक जागा, असाच यायचा. मास्तर म्हणाला, माप घ्या. मी दोऱ्याला गुंडी बांधून ओळंबा केला. गवंडी भिंतीला लावतो तसा तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडासमोर धरायचे. हे जेवायला बसले की समोर दोरा.

"अवं, मी काय भित हावो?" हे वैतागायचे. "ओळंबा लावून राह्यली तोंडाले!"

"हलू नका. तुमचा डावा डोळा खाली आहे."

"तो जन्मापासून खालीच हाये. भाजी वाढ."

मी भाजी वाढली, आणि चित्रात त्यांना दोन सारखे डोळे दिले. चित्र झालं तर ते निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं, वा, सुधारणा झाली. माणूस ओळखू येत नव्हता, पण माप बरोबर होतं.

आता महालक्ष्म्यांचं. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, मोठी आणि लहानी, दोघी बहिणी. त्या माहेरवाशिणी. तीन दिवस माहेरी येतात, पहिल्या दिवशी दारापासून पावलं काढून त्यांना घरात घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी पाठवणी. धडाला लोखंडी कोठ्या, त्यांवर लुगडी, आणि वर मुखवटे. मुखवटे वर्षभर धान्याच्या कोठीत, ज्वारीत पुरून ठेवलेले असतात. आमचे फार जुने, मातीचे. रंग उडालेला, मोठीच्या नाकाची खपली उडालेली, आणि लहानीच्या डाव्या डोळ्याची वरची पापणी अर्ध्या बुबुळावर उतरलेली. कुणीतरी जाड हाताने काळं फिरवलेलं दिसायचं. ओठाच्या कोपऱ्यात पिवळा डाग.

नवी नवरी असताना मी सासूबाईंना एकदा विचारलं होतं, "आत्याबाई, हिचा डोळा असा का हो?"

"राहू दे," त्या म्हणाल्या.

लोकांचे मुखवटे दर दोन-चार वर्षांनी रंगवून येत, चकचकीत होऊन. आमचे कधी गेले नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आमच्या लहानीकडे बघून नजर वळवायच्या. मला लाज वाटायची. सासूबाईंना विचारलं की तेच, "राहू दे." त्या दोन शब्दांत त्यांनी मला तीस-पस्तीस वर्षं गप्प ठेवलं. मी मनात म्हणायचे, म्हातारी चिक्कू आहे.

सासूबाईंना मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांत. पोरांनी किती सांगितलं, ऑपरेशन करून घे. त्या ऐकायच्या नाहीत. चाचपडत चालायच्या, ताटात भाजी कुठे आहे ते बोटाने शोधायच्या. महालक्ष्म्या बसल्या की लहानीसमोर बसून तिच्या गालावरून हात फिरवायच्या, पुरणाचा घास तिच्या ओठाला लावायच्या. तो पिवळा डाग त्याचाच. मग एका वर्षी, पोळ्याच्या तोंडावर, त्या आपणहून बोलल्या, "करा माह्या डोयाचं काय करायचं ते. पण महालक्ष्म्याच्या आंधी करा."

आधीच का, हे मला विचारायचं सुचलं नाही. मला वेगळंच सुचलं.

पोळा झाला आणि हे त्यांना बुलढाण्याला घेऊन गेले. तिथे धाकट्या दिरांकडे राहून ऑपरेशन, नंतर औषधाचे थेंब, आराम, आणि महालक्ष्म्यांच्या दिवशीच घरी, असं ठरलं. घर माझ्या एकटीच्या ताब्यात आलं. मी म्हटलं, म्हातारीला इतक्या वर्षांनी दिसायला लागणार, आणि पहिलं दिसणार काय, तर ते फुटकं नाक आणि झोपाळू डोळा? तिला चांगलं काहीतरी दिसू दे. शपथेवर सांगते, हा विचार खरा होता. पण त्याच्या खाली दुसरा विचार बसला होता, तो जास्त खरा होता: गावातल्या बाया आल्या की म्हणतील, कुणी रंगवलं वो? आणि मी मान खाली घालून म्हणेन, मीच.

दुपारची, दार लावून, मी कोठीत हात घातला. ज्वारीत कोपरापर्यंत हात गेला तेव्हा थंड लागलं. दोन्ही मुखवटे काढून ओल्या फडक्याने पुसले. पिवळा डाग निघेना, तर पॉलिश पेपरने घासला. मग ओळंबा धरला. लहानीची डावी पापणी पुरी दोन सूत खाली. मी ती पापणीही घासली. काळं निघत होतं, त्याची पूड माझ्या बोटांना लागत होती. मी ती पदराला पुसली आणि पुन्हा घासलं. खाली जुना डोळा निघाला, पहिल्या चिताऱ्याने केलेला, उघडा, गोल. मला काय आनंद झाला! मला वाटलं, बघा, आधी सरळच होता, मग कुणीतरी बिघडवला, आणि मी दुरुस्त केला. त्यावर पांढरा दिला, बुबुळ दिलं, बुबुळात प्रकाशाचा ठिपका दिला. मास्तर म्हणायचा, ठिपक्याशिवाय डोळा जिवंत होत नाही. मी ठिपका असा दिला की लहानी टक लावून बघायला लागली.

कपाट उघडून कागदावरच्या त्या लाल ओळीपुढे बरोबरची खूण केली. इतकी मूर्ख बाई अमडापुरात दुसरी शोधून सापडणार नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवशी संध्याकाळी हे सासूबाईंना घेऊन आले. काळा चष्मा लावलेला, पण चालणं बदललेलं होतं. उंबरा त्यांनी न चाचपता ओलांडला. मी नि शेजारच्या चुलतसासूबाईंनी ताटली वाजवत, पावलांवरून मुखवटे आत आणले. चुलतसासूबाई म्हणजे सासूबाईंच्या जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. मुखवटा हातात घेताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लुगडी नेसवली, गजरे घातले, समई लावली. सासूबाई समोर पाटावर बसल्या. मग हळूच त्यांनी चष्मा काढला.

मी दाराशी उभी होते, कौतुक ऐकायला.

त्यांनी मोठीकडे पाहिलं. मग लहानीकडे. बराच वेळ पाहिलं. मग मोठीच्या मागे पाहिलं, कोठीकडे, कोपऱ्यात, जणू कुणी उभं असेल.

"लहानी कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"ही काय समोर, आत्याबाई. मी रंगवली. डोळा बघा ना, सरळ केला."

"हे नाही. लहानी कुठं हाये, इचारते मी."

ह्यांनी घसा खाकरला. सासूबाईंनी हात पुढे केला, गालाला लावला, ओठाच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. तिथे आता गुळगुळीत होतं. त्यांनी हात मागे घेतला, चष्मा लावला आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तीन दिवस त्या पुन्हा त्या खोलीत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, म्हणाल्या, "काय जिवंत डोये काढले वो काकू!" मी हसत होते. आतून सासूबाई पोळ्या लाटत असल्याचा आवाज येत होता. पाठवणीला दहीभाताची शिदोरी त्या दर वर्षी स्वतः बांधायच्या. त्या वर्षी मी बांधली.

त्याच दिवशी चुलतसासूबाईंनी मला परसात गाठलं.

"काऊन केलं वं तू असं?"

"काय केलं? घाण दिसत होतं."

"अवं पोट्टे, थो तुह्या नणंदीचा डोया व्हता."

मला एक नणंद होती आणि ती गेली, एवढं मला माहीत होतं. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. तिकडे मोताळ्याच्या बाजूला दिली होती. विहिरीवर पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. निरोप येईपर्यंत त्यांनी तिला जाळूनही टाकलं होतं. सासूबाई पोहोचल्या तेव्हा राख होती, तीही गार झालेली. घरात तिचा फोटो नव्हता. नाव कुणी घेत नसे, आणि सुनेने मेलेल्या नणंदेबद्दल विचारायचं नसतं हे मी शिकून आले होते.

चुलतसासूबाई म्हणाल्या, तिचा डावा डोळा जन्मापासून तसाच होता, पडलेल्या पापणीचा. ती गेली त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना सासूबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. चुलतसासूबाईंनी खिडकीतून पाहिलं. दिव्याची काजळी तेलात कालवून, ज्वारीच्या धांड्याच्या काडीने सासूबाई लहानीच्या डोळ्यावर पापणी ओढत होत्या. हात थरथरत होता म्हणून काळं जाड फिरलं. मग दार उघडून, ताटली वाजवत, पोरीला घरात घेतलं. दर वर्षी तीन दिवस. आणि मोतीबिंदू आल्यावर नुसतं हाताने.

"डोये काऊन करून घेतले तिनं आता?" चुलतसासूबाई म्हणाल्या. "पोरीले पाह्याले."

मी तिथेच, धुण्याच्या दगडावर बसले. त्या निघून गेल्या. मी बसून राहिले.

मग मी पुन्हा ध्येय ठरवलं. माणसाची खोड जात नाही. कपाटातला कागद उलटा केला आणि पाठीमागे एकच ओळ लिहिली: डावा डोळा. वर्ष होतं हातात. मास्तरला बंद केलं. त्याच्याकडे पडलेल्या पापणीचा धडा नव्हता.

आधी ह्यांना विचारलं. "तुमच्या बहिणीचा डोळा कसा होता?"

"डोया?" ह्यांनी हातातली मेथीची जुडी सोडून पुन्हा बांधली. "मले तिच्या टाचा आठवते. शेतात जाताना थे पुढं चाले, मी मांगं. टाचा भेगाळल्या होत्या. तोंड नाही आठवत."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "हे मायले सांगू नको."

चुलतसासूबाईंना विचारलं तर त्या स्वतःची पापणी बोटाने खाली ओढून दाखवायच्या, दर वेळी वेगळी. मी वर्तमानपत्राच्या कडेला, पिशव्यांवर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नुसते डावे डोळे काढले. घरभर एकेक डोळा. आजारी, दारुडा, झोपाळू, लबाड. सगळे जमले, तिचा कोणता ते कळायला मार्ग नव्हता. जिला माहीत होतं ती स्वयंपाकघरात बसलेली होती, आणि माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "मीठ दे." "दार लाव." ऑपरेशनने त्यांना चांगलं दिसत होतं, माझ्या चेहऱ्याकडे मात्र त्या बघायच्या नाहीत.

तुरीच्या शेंगांचे दिवस आले. एका दुपारी आम्ही दोघी ओसरीत शेंगा सोलत होतो. खाली अंथरलेला कागद माझ्याच डोळ्यांचा होता, मी चुकून तोच घेतला. दाणे त्यावर पडत होते. सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी बोटाने दाणे बाजूला सारले. एका डोळ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा शेंग उचलली आणि ती सोलता सोलता म्हणाल्या, "झोपीतून उठे तवा जास्त पडे."

एवढंच. जिवंत मुलीबद्दल आयुष्यात त्या माझ्याशी एवढंच बोलल्या. आणि मी काय केलं? मी खूश झाले! शेंगा तशाच टाकून आत पळाले, विसरायच्या आत काढून घ्यायला. मागे म्हातारी एकटी बसली होती, आणि मी आत पेन्सिल शोधत होते. आज मला त्या पळणाऱ्या बाईला झिंज्या धरून परत ओसरीत बसवावंसं वाटतं. अजून एखादं वाक्य आलं असतं कदाचित. डोळ्याचं नसतं आलं, पोरीचं आलं असतं.

पण डोळा मात्र मला सापडला. नुकतीच उठलेली पोर. पापणी जड, खालून बुबुळाची कड दिसणारी, आणि तरी बघायचा प्रयत्न चाललेला. माझ्या सगळ्या कामात तेवढं एक चित्र आहे ज्याला मी चित्र म्हणेन.

पुढच्या महालक्ष्म्यांना मी दार लावलं. दिव्याची काजळी धरली, तेलात कालवली, धांड्याची काडी घेतली. ठिपका पुसून टाकला. पापणी ओढली. माझा हात थरथरला नाही. एक वर्षाचा सराव होता. ओठाच्या कोपऱ्याला पुरण लावून ठेवलं, डाग पडावा म्हणून. असलाही वेडेपणा केला.

संध्याकाळी लहानीला आत आणली. चुलतसासूबाईंनी मुखवटा पाहिला आणि ताटली वाजवायचं विसरल्या. "अवं माय," म्हणाल्या, "हे तर थेच पोट्टी," आणि पदर तोंडाला लावला. ह्यांनी एकदा पाहिलं, आणि बैलांना चारा टाकायचं निमित्त करून बाहेर गेले. त्यांना तोंड आठवलं असावं. मी विचारलं नाही.

सासूबाई त्यानंतरच्या भाद्रपदापर्यंत राहिल्या नाहीत, तेव्हा ती त्यांची शेवटची महालक्ष्मी. त्या वर्षभरात वाळल्या होत्या. मी त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. त्या बसल्या. वाकून लहानीकडे बघत राहिल्या. समईची वात मी पुढे सारली. मागच्या वर्षीसारखी मी दाराशी नव्हते, त्यांच्या शेजारीच बसले होते. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी, हेही लाजेने लिहिते.

त्यांनी हात पुढे केला. गालापर्यंत नेला, आणि न लावता मांडीवर ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"डोया बराबर काढला तू, सूनबाई. पण थे आता माह्याकडं नाही पाहून राह्यली. तुह्याकडं पाहून राह्यली."